डिस्क ब्रेकच्या सायकलचं मडगार्ड पुन्हा पुन्हा घासतं, वाजतं: कुठून तपासायचं आणि कुठे थांबायचं

रोज कामावर जायच्या सायकलला पूर्ण लांबीचं मडगार्ड हवंच, असं माझं ठाम मत आहे. पाऊस थांबला तरी रस्ता बराच वेळ ओला राहतो, आणि चाकावरून पाठीवर उडणारं गढूळ पाणी वरून पडणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त त्रास देतं. पण सायकलला डिस्क ब्रेक असले की हेच मडगार्ड सतावायला लागतं. घासतंय म्हणून हाताने दाबून सरळ करायचं, दोन दिवस शांत जातात, तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच सरसर.

माझ्या आणि ओळखीच्यांच्या सायकलींवर हा बिघाड मी कित्येकदा काढला आहे. जवळजवळ प्रत्येक वेळी मूळ एकच निघालं: मडगार्ड ताणात बसवलेलं होतं. चाकाबरोबर फिरणारी डिस्क आणि तिला दोन पॅडनी पकडणारा कॅलिपर सायकलच्या डाव्या बाजूला असतात. मडगार्डला आधार देणाऱ्या सळयांना एक्सलजवळच्या (चाकाच्या आसाजवळच्या) भोकापर्यंत जायला तिथेच वाट मिळत नाही. मग लावणारा माणूस सळई ओढून, वाकवून, कशीबशी बोल्टखाली दाबून कसून टाकतो. सळई पोलादाची असते, ती मूळ जागी जायला सतत धडपडते, आणि प्रत्येक खड्ड्यागणिक मडगार्डला थोडं थोडं डावीकडे किंवा उजवीकडे ओढते. हा ताण काढला नाही तर बाकी सगळी डागडुजी वरवरची ठरते.

(या सळईला कुणी काडी म्हणतं, कुणी तार, कुणी स्टे. मी इथे सळई म्हणतो.)

लक्षणं

आवाज नीट ऐकला तर अर्धं निदान तिथेच होतं.

चाकाच्या दर फेऱ्याला एकदाच ‘स्सक’ असा आवाज येत असेल, तर चाक आउट असतं, म्हणजे फिरताना डुलतं, टायर एका ठिकाणी फुगलेला असतो किंवा डिस्क किंचित वाकलेली असते. आवाज सतत एकसारखा येत असेल, तर मडगार्डच एका बाजूला सरकलेलं असतं. खड्ड्यावरच खडखड होते आणि सपाट रस्त्यावर काही नसतं, तेव्हा एखादा बोल्ट ढिला असतो किंवा सळई कॅलिपरला, नाहीतर फ्रेमला टेकते. उभं राहून पेडल मारताना किंवा मागे सामान लादल्यावरच आवाज येतो, तेव्हा फट मुळातच कमी असते आणि चाक, फ्रेम थोडी लवली की टायर लागतो.

आणखी तीन लक्षणांकडे दुर्लक्ष नको. ब्रेक सोडल्यावर चाक पूर्ण मोकळं फिरत नाही. लिव्हर हाताला घट्ट लागतो, पण सायकल पूर्वीसारखी थांबत नाही. किंवा मडगार्डला भोकापाशी, रिबिटापाशी बारीक चीर दिसते. पहिल्या दोन लक्षणांत बिघाड मडगार्डचा वाटत नाही, ब्रेकचा वाटतो. एका सायकलचे पुढचे ब्रेक पॅड मालकाने एका महिन्यात दोनदा बदलले होते, तरी चाक जडच फिरायचं. पाहिलं तर सळईचं कापलेलं टोक कॅलिपरच्या हालत्या दांड्याला टेकून बसलं होतं. टोक कानशीने चार मिलिमीटर कमी केलं आणि चाक मोकळं झालं.

आधी ठरवा, घासतंय काय

हत्याराला हात लावायच्या आधी चाक जमिनीवरून उचलून हाताने फिरवा. फिरत असताना मडगार्ड दोन बोटांनी हलकेच डावीकडे-उजवीकडे ढकला. आवाज बदलला किंवा थांबला तर दोष मडगार्डचा. बदलला नाही तर ब्रेकचा लिव्हर अगदी हलका, पॅड जेमतेम टेकेल इतकाच दाबा. आवाजाचा सूर तिथल्या तिथे वाढला किंवा बदलला तर डिस्क आणि पॅडकडे बघा. दोन्ही वेळा आवाज तसाच राहिला, तर टायरवर एखादा सुका चिखलाचा गोळा किंवा आऱ्यांत अडकलेली काडी शोधा.

ही तपासणी करताना बरेच जण सवयीने सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करतात. केबलच्या तारेने ओढल्या जाणाऱ्या डिस्क ब्रेकला त्याने काही होत नाही. हायड्रॉलिक, म्हणजे नळीतल्या तेलाच्या दाबावर चालणारा ब्रेक असेल तर तसं करू नका. लिव्हरपाशी तेलाच्या टाकीत थोडी हवा असू शकते, आणि सायकल उलटी झाली की ती नळीत शिरू शकते. मग सरळ केल्यावर लिव्हर मऊ लागतो आणि मडगार्डच्या दुरुस्तीतून ब्रेकची दुरुस्ती उभी राहते. कुणाला तरी सीट धरून मागचा भाग उचलायला सांगा, किंवा सायकल दोरीने टांगा.

चाक काढावं लागलं आणि ब्रेक हायड्रॉलिक असेल, तर दोन पॅडच्या मध्ये प्लॅस्टिकची चपटी पट्टी किंवा घडी केलेला जाड पुठ्ठा सरकवून ठेवा. डिस्क जागेवर नसताना लिव्हर चुकून दाबला गेला तर पिस्टन बाहेर येतात आणि चाक परत बसतच नाही.

पहिली तपासणी: चाक खोबणीत पूर्ण बसलंय का

याला काही खर्च नाही, दोन मिनिटं लागतात, आणि मला वाटतं दहातल्या दोन-तीन तक्रारी इथेच मिटतात. पंक्चर काढल्यावर किंवा सायकल गाडीत घालून आणल्यावर चाक जरासं तिरकं बसलेलं असतं. एक्सलपाशी एक मिलिमीटरचा तिरकसपणा टायरच्या वरच्या टोकाला बराच मोठा होतो आणि टायर मडगार्डच्या एका कडेला जाऊन लागतो. डिस्कचंही तेच. पॅड आणि डिस्क यांच्यात अर्ध्या मिलिमीटरहून कमी फट असते, त्यामुळे चाक तिरकं बसलं की दोन्ही एकदम घासायला लागतात आणि माणूस गोंधळतो.

सायकल जमिनीवर दोन्ही चाकांवर उभी करा. क्विक रिलीज (एक्सलमधून जाणारी, लिव्हरने आवळायची दांडी) ढिली करा, सीट किंवा हँडलवर वरून वजन द्या म्हणजे एक्सल खोबणीत तळाला जाऊन बसेल, आणि त्याच अवस्थेत क्विक रिलीज बंद करा. तिचा लिव्हर बंद करताना तळहातावर त्याचा ठसा उमटेल इतका जोर लागला पाहिजे.

इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती मी दोनदा पाहिली आहे आणि दोन्ही वेळा अंगावर काटा आला. फ्रेमला मडगार्डसाठी भोक नसलं की काहीजण सळईचा चपटा कान क्विक रिलीजच्या खाली अडकवतात. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असेल तर हे कधीही करू नका. पुढचा कॅलिपर फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुपायी भागाच्या, मागच्या बाजूला असतो, त्यामुळे ब्रेक दाबल्यावर एक्सलवर खोबणीतून खाली निसटण्याच्या दिशेने जोर येतो. चाकाच्या कडेला पॅड लागतात त्या रिम ब्रेकला तसं होत नाही. त्या जोराला धरून ठेवते ती फक्त क्विक रिलीजची पकड आणि खोबणीच्या कडेचे छोटे उंचवटे. मध्ये पातळ पत्रा घातला की तीच पकड कमी होते.

दुसरी तपासणी: चिखल, हवा आणि टायरचा आकार

मडगार्डच्या आतून बोट फिरवा. ब्रिजपाशी (मागच्या चाकाजवळ फ्रेमच्या दोन नळ्या जोडणाऱ्या आडव्या तुकड्यापाशी) आणि फोर्कच्या मानेपाशी, जिथे त्याचे दोन पाय वर जुळतात, चिखल साचून सुकतो आणि दगडासारखा होतो. पाणी मारून, जुन्या ब्रशने काढा. पाण्याचा जोरदार फवारा हबवर मारू नका, बेअरिंगमध्ये पाणी जातं.

मग टायरच्या बाजूवर छापलेला आकार वाचा. ३५-६२२ असं लिहिलेलं असेल तर पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ६२२ म्हणजे ज्याला ७०० सी म्हणतात ते चाक, ५८४ म्हणजे ६५० बी. मडगार्डची रुंदी टायरपेक्षा किमान ८ ते १० मिलिमीटर जास्त हवी. ३५ च्या टायरला ४५ चं मडगार्ड ठीक, ४० च्या टायरला तेच मडगार्ड सदैव घासत राहील, कितीही नीट लावा. वर टायर आणि मडगार्ड यांच्यात १० मिलिमीटर फट असावी. फूटपट्टी नसेल तर करंगळी सहज जाते का बघा.

टायर बदलल्यावर हा त्रास सुरू झाला असेल तर शंका इथेच धरा. एकाच छापील आकाराचे दोन टायर प्रत्यक्षात दोन-तीन मिलिमीटर कमीजास्त भरतात. रुंद रिमवर टायर आणखी पसरतो. नवा टायर हवा भरल्यावर पहिले काही दिवस थोडा वाढतोही. म्हणून लावल्या दिवशी जेमतेम पुरलेली फट आठवड्यात संपते.

तिसरी तपासणी: बोल्ट

बहुतेक सायकलींवर मडगार्डचे बोल्ट एम ५ असतात. गोल घुमटी डोक्याच्या बोल्टला ३ ची एलन की लागते, उंच डोक्याच्या बोल्टला ४ ची, आणि नटाला ८ चा पाना. सगळे बोल्ट एकदा हाताने तपासा, पण लगेच कसू नका. आधी हलवून बघा कोणता ढिला आहे. नेहमी तोच ढिला होत असेल तर तिथे ताण आहे हे समजा. चौथ्या तपासणीत त्याचा उपयोग होईल.

बोल्ट सुटू नये म्हणून दात असलेला वॉशर, नाहीतर नायलॉनची कडी असलेला नट वापरा. धातूच्या आट्यांत बोल्ट जात असेल तर मध्यम ताकदीचा, निळा लॉक द्रव एक थेंब पुरे. तो बोल्ट सुटा करून, बाजूला नेऊन लावा. फ्रेमपाशी धरून लावताना थेंब डिस्कवर पडला तर पंचाईत. हीच काळजी तेलाच्या बाबतीत. गंजलेला बोल्ट सुटावा म्हणून स्प्रे मारायचा मोह होतो, आणि डाव्या बाजूचा बोल्ट तर डिस्कच्या अगदी शेजारी असतो. कापडाच्या टोकाला तेल घेऊन बोल्टला लावा, स्प्रे नको. डिस्कवर तेल गेलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येतं, पण पॅडने तेल शोषलं की बहुधा ते बदलावेच लागतात.

फोर्कच्या मानेपाशी आणि मागच्या ब्रिजपाशी, जिथे मडगार्डचा पत्रा धातूला टेकतो, तिथे रबराचा किंवा चामड्याचा वॉशर घातला की खडखड एकदम उतरते. जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापून मध्ये भोक पाडलं तरी चालतं. मला विकतच्यापेक्षा हाच जास्त टिकलेला दिसला आहे.

मागच्या उजव्या बोल्टाचं टोक फ्रेमच्या आत किती आलंय तेही पाहा. साखळी मागच्या सर्वांत लहान दातेरी चकतीवर असताना तिचा आणि त्या टोकाचा संबंध येतो. तिथे टिकटिक ऐकू आली की लोक गिअर जुळवत बसतात. डावीकडे असंच लांब टोक डिस्ककडे जातं. फ्रेमच्या आतल्या बाजूपासून डिस्क पुढे साधारण १० आणि मागे साधारण १५ मिलिमीटरच दूर असते. टोक आत दोन आट्यांपेक्षा जास्त येऊ देऊ नका.

चौथी तपासणी: ताण

इथपर्यंत दोष सापडला नसेल तर आता खरं काम. एरवी मी इथूनच सुरुवात करतो, पण पहिल्यांदा करणाऱ्याने वरच्या तीन पायऱ्या गाळू नयेत, नाहीतर तिरक्या बसलेल्या चाकाला अनुसरून मडगार्ड तिरकं जुळवलं जातं.

बाकी सगळे बोल्ट कसलेले असताना फक्त डाव्या सळईचा, एक्सलजवळचा बोल्ट पूर्ण काढा. सळईचं टोक भोकासमोरच राहिलं, दोन-तीन मिलिमीटरच्या आत, तर ताण नाही. टोक झटकन बाजूला उडालं, तर किती उडालं ते मोजा. मी बोटभर अंतर उडालेलं पाहिलं आहे. तेवढा ताण रात्रंदिवस मडगार्डला ओढत असतो. मग हीच चाचणी उजवीकडे करा.

ताण असेल तर सळई परत दाबून बसवू नका. सगळं ढिलं करा आणि वरून खाली या. आधी फोर्कच्या मानेचा किंवा मागच्या वरच्या ब्रिजचा बोल्ट, मडगार्ड टायरच्या बरोबर मध्यावर ठेवून. मागच्या मडगार्डला पेडलजवळ खालचा ब्रिज असतो, तो दुसरा. तिथे मडगार्ड आणि ब्रिज यांच्यात मोकळी जागा राहत असेल तर बोल्टने मडगार्ड ओढून घेऊ नका, त्याने गोलाई बिघडते आणि वरची फट तोंडाशी अरुंद, मध्ये रुंद अशी होते. मोकळी जागा असेल तेवढ्या जाडीचा स्पेसर, म्हणजे बोल्टवर ओवायची पोकळ कडी, घाला. सळया सगळ्यांत शेवटी. सळईची लांबी अशी जुळवा की मडगार्ड हात न लावता मध्यावर, सारख्या फटीत उभं राहील, आणि मग सळईचं टोक आपसूक कुठे येतं ते बघा. ते जिथे येतं तिथपर्यंत भोक आणायचं, म्हणजे स्पेसर लावायचा. सळईला भोकापर्यंत ओढायचं नाही. साऱ्या कामाचं मर्म एवढंच आहे, आणि छापील कागदात ते कधी नीट लिहिलेलं मला दिसलं नाही.

डावीकडे दहा मिलिमीटरचा स्पेसर आणि उजवीकडे काहीच नाही, असं झालं तरी बिघडत नाही. दोन्ही बाजू दिसायला सारख्या असल्या पाहिजेत असा आग्रह धरू नका. स्पेसर जितका जाड, बोल्ट तितकाच लांब घ्या. आट्यांत बोल्ट किमान ७-८ मिलिमीटर गेला पाहिजे, विशेषतः ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये. पण २० मिलिमीटरपेक्षा जाड स्पेसर लावायची वेळ आली तर तो मार्ग सोडा. बोल्ट तेवढा बाहेर आला की प्रत्येक धक्क्याला तो मुळाशी वाकतो आणि एक दिवस आट्यांच्या तोंडाशी तुटतो. अर्धा तुकडा फ्रेममध्येच राहतो.

अशा वेळी सळईलाच कॅलिपरभोवतून वळण द्यायचं. मऊ तार, लोखंडी किंवा तांब्याची, कॅलिपरच्या बाहेरून वळवून मडगार्डपासून भोकापर्यंत न्या. तिला हवा तो आकार सहज घेता येतो. मग ती तार काढून टेबलावर ठेवा आणि सळई तिच्यासारखी वाकवा, शिकंज्यात धरून, किंवा दोन पकडींनी, मध्ये कापड ठेवून. एक बाहेरचा बाक आणि एक परत सरळ करणारा बाक, असे दोन सौम्य बाक पुरतात. सळई मडगार्डवर लावलेली असताना वाकवू नका. जोर सळईला मडगार्डवर धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पकडीवर येतो आणि ती तुटते. माझ्या पहिल्या मडगार्डची पकड अशीच गेली.

काही फोर्कना मध्यावर, कॅलिपरच्या वर, आणखी एक आट्यांचं भोक असतं. ते सळईला चालत असेल तर सोन्याहून पिवळं, सळई कॅलिपरच्या वाटेलाच जात नाही.

पाचवी तपासणी: कॅलिपर, दांडा आणि नळी

सळई बसली, ताण गेला. आता ब्रेकचा लिव्हर जाईल तेवढा जोरात दाबा आणि कॅलिपरकडे बघा. तारेच्या डिस्क ब्रेकला एक हालता दांडा असतो, तो लिव्हरबरोबर फिरतो. त्याच्या संपूर्ण प्रवासात सळई, बोल्ट, स्पेसर, कशाशीही पाच मिलिमीटर अंतर राहिलं पाहिजे. दांडा पुढे जाताना अडला तर लिव्हर घट्ट लागतो आणि तुम्हाला वाटतं ब्रेक छान लागतोय, प्रत्यक्षात जोर पॅडवर न जाता सळईवर जातोय. परत येताना अडला तर पॅड डिस्कला चिकटून राहतात.

आज अंतर पुरेसं आहे म्हणून कायम राहील असं नाही. पॅड झिजत जातात तशी आपण तार घट्ट करत जातो आणि दांडा दर वेळी थोडा पुढून सुरुवात करतो. तीन महिन्यांपूर्वी सुटी असलेली सळई आज अशी टेकू शकते. म्हणून दर वेळी ब्रेक जुळवला की ही तपासणी पुन्हा करा.

हायड्रॉलिक कॅलिपरला दांडा नसतो, नळी असते. सळई नळीला घासत असेल तर नळीवर चपटा, चकाकता पट्टा दिसतो. सळई आणि नळी एकमेकींना बांधून टाकणं हा उपाय नाही. नळी मोकळी वळली पाहिजे. पुढच्या ब्रेकची नळी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा.

आणि सळईचा कान कॅलिपरच्या बोल्टखाली घालू नका. जागा नेमकी जवळ असते, म्हणून मोह होतो. पण ते बोल्ट ब्रेकचा सगळा भार पेलतात. मध्ये पत्रा आला की बोल्ट आट्यांत तेवढा कमी जातो, आणि सळईच्या थरथरीने तो सुटू लागतो. ब्रेकच्या बोल्टांवर ब्रेकशिवाय काहीही टांगायचं नाही.

सळईचं जादा टोक कापायचं असेल तर हॅकसॉने कापा, कानशीने गोल करा, रबरी टोपी घाला. धातूचा भुसा डिस्कवर पडू नये म्हणून कापायच्या वेळी सळई काढून घ्या.

सहावी तपासणी: चाकाची आउट, चीर, सस्पेन्शन

चाक फिरवा आणि मडगार्डच्या कडेला पेन्सिल टेकवून रिमकडे बघा. रिम डावी-उजवीकडे दोन मिलिमीटरपेक्षा जास्त डुलत असेल तर आधी आउट काढा. मडगार्ड त्यानंतर. आऱ्यांची चावी फिरवायची सवय नसेल तर हे काम दुसऱ्याकडे द्या, चुकीच्या आऱ्याला दोन फेरे दिले की चाक आणखी बिघडतं.

प्लॅस्टिकच्या मडगार्डला भोकापाशी चीर गेली असेल तर चिरेच्या टोकाला ३ मिलिमीटरचं गोल भोक पाडलं की ती बराच काळ थांबते. हा तात्पुरता इलाज आहे. ॲल्युमिनियमच्या मडगार्डला चीर गेली तर मी ते बदलतो. पुढचं असेल तर त्याच दिवशी.

पुढच्या मडगार्डबद्दल इतका धसका का, ते सांगतो. एखादी काडी किंवा तुटलेला तुकडा चाक आणि मडगार्ड यांच्यात शिरला, की चाक त्याला ओढत नेतं, मडगार्डची घडी होऊन ते फोर्कखाली जातं आणि पुढचं चाक जागच्या जागी थांबतं. सायकलस्वार हँडलवरून पुढे जातो. सायकलींच्या सुरक्षेच्या आयएसओ ४२१० मानकात पुढच्या मडगार्डची वेगळी चाचणी आहे ती याचसाठी. चांगल्या मडगार्डला पुढच्या सळयांवर निसटत्या पकडी असतात, ओढ बसली की त्या सुटतात आणि मडगार्ड मोकळं होतं. त्या वारंवार सुटतात म्हणून डिंकाने किंवा बांधायच्या पट्टीने पक्क्या करू नका. वारंवार सुटत असतील तर तिथे ताण आहे, पुन्हा चौथ्या तपासणीकडे जा.

पायाचा पुढचा भाग वळणावर मडगार्डला लागतो का, तेही सायकल हळू चालवून बघा. मडगार्डमुळे चाकाचा घेर वाढतो. रिकाम्या जागेत हँडल वळवून, पेडल पुढे आणून पाहिलं की कळतं.

सस्पेन्शनचा फोर्क असेल तर नियमच वेगळा. तिथे चाक मानेच्या तुलनेत वरखाली होतं, त्यामुळे वर मानेला आणि खाली एक्सलजवळ असं दोन्हीकडे बांधलेलं मडगार्ड पहिल्याच मोठ्या खड्ड्यात मोडतं. सगळे आधार फोर्कच्या खालच्या, चाकाबरोबर हलणाऱ्या भागावरच हवेत. तशी सोय नसेल तर पूर्ण लांबीचं मडगार्ड त्या फोर्कला लावू नका.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

फ्रेमच्या किंवा फोर्कच्या भोकातले आटे गेले आणि बोल्ट नुसता फिरतोय, तर मोठा बोल्ट जोरात घुसवू नका. आटे पुन्हा पाडण्याचं काम योग्य हत्याराने, सरळ रेषेत व्हावं लागतं. बोल्ट आत तुटून राहिला असेल तरीही तेच. एक तिरका ड्रिल आणि भोकाचा कानच कापला जातो.

कार्बनचा फोर्क असेल आणि त्याला मडगार्डचं भोक दिलेलं नसेल, तर नवं भोक पाडायचं नाही, धातूचा पट्टाही आवळायचा नाही. निर्मात्याने परवानगी दिलेली जोडणी कोणती ते जाणकाराला विचारा.

एक्सलजवळ, कॅलिपरच्या बुडाशी किंवा फोर्कच्या पायावर रंगात केसासारखी रेघ दिसली, तर सायकल चालवत दुकानात नेऊ नका. हाताने न्या.

हायड्रॉलिक ब्रेकचा लिव्हर मऊ पडला, नळीपाशी ओल दिसली, किंवा अल्कोहोलने पुसूनही ब्रेक किंचाळतोय आणि धरत नाही, तर मडगार्ड बाजूला ठेवा, आधी ब्रेक. डिस्क हाताला लागेल इतकी वाकली असेल तर तीही घरी पकडीने सरळ करू नका. नुकतीच सायकल चालवली असेल तर डिस्कला बोटही लावू नका, ती भाजण्याइतकी तापते.

आणि ताणाची चाचणी करून, स्पेसर घालून, सळई वाकवूनही मडगार्ड दर आठवड्याला त्याच बाजूला जात असेल, तर फ्रेमचा मागचा त्रिकोण किंवा फोर्कचा पाय वाकलेला असू शकतो. पडल्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल तर शक्यता जास्त. फ्रेम सरळ आहे का हे मोजायचं साधन दुकानात असतं, घरी डोळ्यांनी ते खात्रीने कळत नाही.

सगळं जुळल्यावर सायकल ४०-५० किलोमीटर चालवा आणि प्रत्येक बोल्ट पुन्हा हाताने बघा, वॉशर या काळात बसून घेतात आणि पहिला ढिलेपणा तेव्हाच येतो. सायकल दुकानात न्यायची झाली तर मडगार्ड काढून, स्वच्छ करून नेऊ नका. जसं घासतंय तसंच लावलेलं न्या, टायरमध्ये रोजची हवा भरून आणि मागे रोजचं सामान लादून, नाहीतर आवाज तिथे ऐकूच येणार नाही.